एक्केचाळिसावा जोड

पत्र आलं तेव्हा आत्या वेटिंगरूमची फरशी पुसत होती. हात ओले, म्हणून तिने ते हमालाला वाचायला सांगितलं. हमालाने शाळेत धडा वाचावा तसं ते उभं राहून, घसा खाकरून वाचलं. येत्या महिनाअखेरीला शाखा मार्गावरची प्रवासी गाडी बंद होणार होती. मालगाड्या तेवढ्या चालू राहणार होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतंच. पुढच्या दोन ओळी मात्र नव्या होत्या. "महिला प्रतीक्षालयाच्या वापराची कोणतीही नोंद या कार्यालयात आढळत नाही. सबब सदर खोली कुलूपबंद करून यथावकाश पाडण्यात यावी."

"परत वाच," आत्या म्हणाली.

"सबब सदर खोली..."

"ते नाही रे. त्याच्या आधीचं."

"वापराची कोणतीही नोंद आढळत नाही."

आत्याने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता तरी पिळतच राहिली. "एकतीस वर्षं मी इथे काय माशा मारत बसले होते?"

"माशाही भरपूर मारल्यात तुम्ही," हमाल म्हणाला. "पण त्यांचीही नोंद नसणार."

एरवी आत्या हसली असती. गाडी बंद होण्याचं दुःख तिने महिनाभर आधीच उरकून घेतलं होतं. गाडीच्या जागी बस येणार होती, ती स्टेशनच्याच आवारातून सुटणार होती, आणि ज्या बायका सकाळच्या गाडीने जंक्शनला जायच्या त्याच आता बसने जाणार होत्या. तिची स्वतःची नोकरी तशीही महिनाअखेरीस संपत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मी जाईन, गाडी जाईल, पण खोली राहू द्या. आणि आता खोलीच जायची होती, ती का, तर तिथे कधी कुणी आलंच नाही म्हणून!

तिने वळून मांडणीकडे पाहिलं. भिंतीला लागून उभ्या असलेल्या त्या लाकडी मांडणीच्या खणाखणातून मातीने माखलेल्या चपलांचे जोड टाचा दाखवत बसले होते. कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाचा पट्टा सुतळीने बांधलेला. पण चपला म्हणजे काही कागद नव्हे.

आत्या या स्टेशनवर आली ती सत्ताविसाव्या वर्षी, एक पत्र्याची पेटी घेऊन. लग्नाला चार वर्षं होऊन नवरा तापाने गेला. सासरच्यांनी पंधरा दिवस सांत्वन केलं आणि सोळाव्या दिवशी विचारलं, "भाऊ कधी येतोय न्यायला?" भाऊ या स्टेशनवर सांधेवाला होता, म्हणजे खटके ओढून गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते ठरवणारा. तो आला आणि बहिणीला घेऊन गेला. त्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यात तो, वहिनी, त्यांची दोन मुलं. आत्याचं अंथरूण स्वयंपाकघरात पडलं, तेही सगळ्यांची जेवणं उरकून भांडी घासून झाल्यावर.

वहिनी वाईट नव्हती. दोन खोल्यांत पाच माणसं कोंबली की चांगल्या माणसांचीही कोपरं टोचायला लागतात. वहिनी तोंडाने काही बोलायची नाही, पण पिठाचा डबा उघडून आत बघायची आणि झाकण लावताना जरा जास्तच आवाज करायची. आत्याला तो आवाज पुरेसा होता. ती दिवसातून चार वेळा अंगण झाडायची. अंगण केवढं, तर दोन खाटा मावतील एवढं.

अशातच बायकांच्या वेटिंगरूमवरची म्हातारी बाई मुलाकडे निघून गेली. भावाने मोठ्या मास्तरांच्या कानावर घातलं. मोठे मास्तर म्हणजे तेव्हाचे स्टेशनमास्तर, मनाने मोठे आणि पोटानेही. ते म्हणाले, "तीन महिने बदलीवर घेतो. पुढचं पुढे." त्यांनी तिच्या हातावर पितळेची एक चावी ठेवली.

चावी कमरेला लावून आत्या खोलीत गेली आणि दार आतून लोटून उभी राहिली. उंच छत, दोन खिडक्या, एक लांब बाक, एक आरसा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि मागे न्हाणीघर. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाती अशी खोली आली होती, जिचं दार तिने लावलं तर लागणार होतं आणि तिने उघडलं तर उघडणार होतं. ती बाकाच्या कडेला टेकली, मग लगेच उठली. बाक प्रवाशांसाठी होता. पुढच्या एकतीस वर्षांत ती त्या बाकावर कधी बसली नाही. तिचं आपलं दाराजवळचं स्टूल.

त्या तीन महिन्यांची गोष्ट पुढे कुणी काढली नाही. मोठे मास्तर विसरले, की विसरल्यासारखं करत राहिले, देव जाणे. आत्या दर सकाळी गाडीची पहिली शिट्टी ऐकली की मनातल्या मनात त्यांना हात जोडायची. ते बदलून गेले तरी जोडायची आणि पुढे ते वारल्याचं कळलं तरी जोडायची.

स्टेशनपासून आसपासच्या तीन वाडीवस्त्यांना जाणारी वाट कालव्याच्या कडेने होती, आणि कालवा बारमाही पाझरायचा. त्यामुळे त्या वाटेवर कोरडा ऋतू असा नव्हताच. सकाळच्या सात पंचविसाच्या गाडीला येणारी प्रत्येक बाई घोट्यापर्यंत मातीने भरून यायची. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात, कापडाच्या गिरणीत, कचेरीत काम करणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली. आत्या फरशी पुसायची, दुसरी यायची, परत पुसायची. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिचा संयम संपला.

"पायताणं बाहेर काढा! ही खोली आहे की वीटभट्टी?"

शाळेतल्या बाई तेव्हा नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी पिशवीतून कोरडा जोड काढला, पाय धुऊन तो घातला आणि चिखलाचा जोड बोटाने उचलून धरला. "आत्या, मी हा इथेच ठेवला तर? संध्याकाळी घालून जाईन. वर्गात नेला तर मुलं नाकं दाबतात हो."

आत्या हे नाव तिला भावाच्या मुलीमुळे पडलं होतं. भाची दिवसभर वेटिंगरूममध्ये खेळायची आणि आत्या, आत्या करायची, तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बायकाही तिला आत्या म्हणायच्या.

आज शाळेतल्या बाईंचा जोड राहिला, उद्या तिघींचा, आठवड्यात पंधरा जणींचा. भिंतीखाली नुसता ढीग. मग भावाने मालाच्या खोक्यांच्या फळ्या आणून मांडणी ठोकून दिली. सात ओळी, सहा खण. कुणाच्या खणावर नाव नाही की आकडा नाही. जिचा तिला ठाऊक आणि सगळ्यांचे आत्याला ठाऊक. एकीचा जोड चार महिने तसाच राहिला, कारण ती बाळंतपणाला गेली होती. परत आली तर पाय भरलेले, चप्पल शिरेना. "आत्या, तुम्ही धुतल्यात का? आटल्यात!" ती म्हणाली. आत्या म्हणाली, "हो, आणि तुझं पोट पण मीच आटवलं."

मांडणीमुळे एक गोष्ट आपोआप झाली, जी कुणी ठरवली नव्हती. संध्याकाळची गाडी सहा चाळीसला यायची. बायका उतरायच्या, जोड बदलायच्या, जायच्या. सगळ्या गेल्या की आत्या मांडणीकडे बघायची. खण रिकामे म्हणजे सगळ्या पोचल्या. एखादा जोड उरला म्हणजे एक बाई परत आली नाही. रेल्वेचा नियम होता, शेवटच्या गाडीनंतर वेटिंगरूम बंद करावी. आत्याचा नियम त्याच्याहून थोडा लांब होता: जिचा जोड उरला ती कुठे आहे हे कळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. बहुतेक वेळा कळायचंही. "ती ना? बहिणीकडे उतरली, उद्या येईल." की कुलूप खट्.

एकदा भाचीचाच जोड उरला. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि तिच्याबरोबरच्या कुणालाही काही सांगता येईना. आत्या उठली ती थेट मोठ्या मास्तरांकडे. मास्तरांनी जंक्शनला फोन फिरवला, जंक्शनने पुढे फिरवला, आणि अर्ध्या तासात पत्ता लागला. बाईसाहेब मैत्रिणीशी बोलता बोलता भलत्याच गाडीत चढल्या होत्या आणि चार स्टेशनं पुढे फलाटावर रडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार्डाच्या शेजारी बसून ती परत आली. त्या दिवशी वहिनीने आत्याचं अंथरूण स्वयंपाकघरातून उचललं आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली टाकलं. पिठाचा डबा त्यानंतर हळूच बंद व्हायला लागला.

मोठे मास्तर गेले आणि आत्याच्या बाराव्या वर्षी नवे मास्तर आले. वय सव्वीस, चष्मा, काखेत नियमांचं पुस्तक. फलाटावरचं कुत्रं ते आल्यापासून शेपूटही वेळापत्रक बघून हलवतं, असं हमाल म्हणायचा. आठवड्यात त्यांचं नाव पडलं कायदेमास्तर.

एका बुधवारी आत्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दाढ दुखत होती, ती काढायला सांधेवाल्या भावाबरोबर गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. जाताना तिनेही बायकांसारखंच केलं. रोजच्या कातडी चपला, ज्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्या वर्षी घेऊन दिल्या होत्या आणि ज्यांना तीनदा तळ लागले होते, त्या तिने मांडणीत ठेवल्या आणि चांगला जोड घालून गेली.

कायदेमास्तर पाहणीला आले.

"हे काय आहे?" त्यांनी हमालाला विचारलं.

"चपला."

"ते दिसतंय. कुणाच्या?"

"बायकांच्या."

"बायका कुठे आहेत?"

"गाडीने गेल्या ना साहेब."

"म्हणजे वस्तू स्टेशनच्या हद्दीत, आणि मालक हजर नाही." कायदेमास्तरांनी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. "चिठ्ठी बांधून जंक्शनला, बेवारस सामानाच्या कचेरीत. चोवीस तासांच्या आत."

हमालाने आपल्या परीने सांगून पाहिलं. पण पुस्तकापुढे हमालाचं काय चालणार? दोघांनी मिळून एक्केचाळीस जोड सुतळीने बांधले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली, तीन पोत्यांत भरले आणि दुपारच्या गाडीने रवाना केले. कायदेमास्तरांनी स्वतः एकेका चिठ्ठीवर वर्णन लिहिलं. काम अगदी मन लावून केलं, हे त्यांच्या शत्रूनेही कबूल केलं असतं.

आत्या आली तेव्हा गालात कापसाचा बोळा, तोंड अर्धं बधिर. तिने रिकामी मांडणी पाहिली. आधी तिला वाटलं, सगळ्या बायका लवकर परत आल्या. मग तिला हमालाचं तोंड दिसलं. ती तशीच मास्तरांच्या खोलीत गेली आणि बोलायला लागली, पण बाहेर पडलं ते "अँ, उँ, हँ" एवढंच.

"तुमचा गाल सुजलाय," कायदेमास्तर म्हणाले. "आराम करा. उद्या बोलू."

सहा चाळीसला चाळीस बायका उतरल्या.

"आत्या, माझ्या कुठायत?"

"आत्या, माझ्या पण नाहीत!"

आत्या हाताने रूळ दाखवी, पोतं दाखवी, मास्तरांची खोली दाखवी. शेवटी हमालानेच सगळं सांगितलं, दाराच्या जरा बाहेर उभं राहून. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. गिरणीतली बाई मास्तरांच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "साहेब, मीच स्टेशनच्या हद्दीत उभी आहे आणि माझा मालक घरी आहे. मलाही चिठ्ठी लावून पाठवता का?" चांगला जोड चिखलात घालवायची कुणाची तयारी नव्हती. चाळीस बायका चपला हातात घेऊन कालव्याच्या वाटेने अनवाणी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी जंक्शनला बेवारस सामानाच्या कचेरीपुढे रांग लागली. तिथल्या नियमाप्रमाणे मालकाने स्वतः यायचं, फॉर्म भरायचा, वस्तूचं वर्णन लिहायचं, वस्तू कुठे आणि कधी राहिली ते लिहायचं, सही करायची. बायकांनी चिडून चिडून, पण सविस्तर लिहिलं. शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "वस्तू कुठे राहिली: महिला प्रतीक्षालय, मांडणी, तिसरी ओळ. कधी राहिली: दहा वर्षांपासून रोज." गिरणीतल्या बाईने वर्णनात लिहिलं, "डाव्याला खिळा आहे, उजव्याला नाही. घालून बघा म्हणजे कळेल." दोन दिवसांत चाळीस फॉर्म भरले गेले आणि चाळीस जोड परत आले.

एक्केचाळिसावा आला नाही. आत्या गेलीच नाही आणायला.

"जा ना गं," वहिनी म्हणाली. "दादाजींनी दिलेला जोड तो." वहिनी आत्याच्या नवऱ्याला दादाजी म्हणायची.

"मी कुठे विसरून आले नव्हते, मी का मागायला जाऊ? ज्यांनी नेल्या त्यांनी आणून द्याव्या."

"अगं, ते नियमात बसत नाही म्हणे."

"मग मीही बसत नाही."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं वहिनी म्हणायची ते उगाच नाही. महिन्याभराने कायदेमास्तरांची बदली झाली, तीही नेमकी जंक्शनच्या बेवारस सामानाच्या कचेरीत. ज्याची आवड त्याला ते मिळालं, असं लोक म्हणाले. जायच्या दिवशी ते वेटिंगरूमच्या दारात येऊन उभे राहिले होते. आत्या फरशी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

पत्र आलं त्या संध्याकाळी आत्याने ते बायकांपुढे ठेवलं. मुली आता बायका झाल्या होत्या, बायका निवृत्त झाल्या होत्या. पण मांडणी भरलेलीच होती. शाळेतल्या बाई निवृत्त होऊनही अधूनमधून नुसत्या बसायला यायच्या. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं.

"आम्ही पासवाल्या," त्या म्हणाल्या. "तिकीट नाही, म्हणून आकडा नाही. खोलीत कोण बसलं ते कोण लिहितंय?"

"सह्या करून अर्ज देऊ," भाची म्हणाली. ती आता जंक्शनच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होती.

"आता केलेल्या सह्या आताच्या. ते म्हणतील, खोली वाचवायला केल्या. जुनं काही हवं." शाळेतल्या बाई थांबल्या. "जुनं... अहो, आपण फॉर्म भरले होते!"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मांडणीच्या शेवटच्या ओळीतल्या त्या खणाकडे पाहिलं, ज्यात एकोणीस वर्षं ती साबण ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "आत्या, मी जाऊन येते. तुला नको त्रास."

"नको," आत्या म्हणाली. "खोली माझी आहे. मीच मागते."

एकतीस वर्षं तिने रोज चार गाड्या पाहिल्या होत्या, पण या मार्गावर गाडीत ती बसली होती ती एकदाच, पत्र्याची पेटी घेऊन येताना. शाळेतल्या बाई दिवसभर तिच्या स्टुलावर बसायला तयार झाल्या. आत्या सात पंचविसाच्या गाडीत खिडकीशी बसली. स्टेशन मागे सरकलं तेव्हा तिला ते पहिल्यांदाच सुटत्या गाडीतून दिसलं. केवढंसं होतं ते! तिच्या मनात होतं त्याच्या पाव हिस्साही नव्हतं.

कचेरीत सगळीकडे छत्र्या, डबे, एक बाजाची पेटी, एक कुबडी. कुबडी विसरून माणूस चालत गेला कसा, असा प्रश्न आत्याला पडला. टेबलामागे कायदेमास्तर होते. केस पांढरे, चष्मा दुप्पट जाड. त्यांनी वर पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"या," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं लागली तुम्हाला."

"मी चपलांसाठी आले नाही." तिने पत्र पुढे केलं. "वापराची नोंद नाही म्हणतात. तुमच्याकडे चाळीस फॉर्म होते. आता कुठे असणार म्हणा, पण विचारायला आले."

कायदेमास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मग ते आत गेले. बराच वेळ काहीतरी सरकवल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आले ते हातात एक जाडजूड रजिस्टर घेऊन, आणि त्याला दोऱ्याने बांधलेला पिवळा पडलेला गठ्ठा.

"खरं तर हे दहा वर्षांनी फाडायला हवं होतं," ते म्हणाले. "तसा नियम आहे. या कपाटातली त्या सालची बाकी सगळी रजिस्टरं गेली."

"मग हे कसं राहिलं?"

त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. एकाखाली एक चाळीस नोंदी, प्रत्येकीपुढे सही. एक्केचाळिसाव्या नोंदीपुढची जागा कोरी.

"मालक माहीत आहे, म्हणून वस्तू बेवारस नाही. लिलाव करता येत नाही. मालक आला नाही, म्हणून परतही करता येत नाही. एक जरी नोंद उघडी असेल तर रजिस्टर फाडता येत नाही. आणि रजिस्टर आहे तोवर त्याला जोडलेले फॉर्म आहेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दर वर्षी वरून विचारणा येते, हे का ठेवलंय. दर वर्षी मी लिहितो, मालक येणे बाकी."

आत्याने गठ्ठ्यावरचा पहिला कागद वाचला. तिसरी ओळ. दहा वर्षांपासून रोज. शाळेतल्या बाईंचं अक्षर तेव्हा किती कोवळं होतं.

"म्हणजे मी हट्ट केला ते बरंच झालं," ती म्हणाली.

"नियमात हट्टाला जागा नाही," कायदेमास्तर म्हणाले. "पण झालं खरं बरं."

आणि मग दोघंही हसायला लागली. आत्या तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसणं ओसरल्यावर कायदेमास्तरांनी खालच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं. चपला मऊ होत्या, काळ्याभोर. कातडं कुठे तडकलं नव्हतं.

"तेल लावता?" आत्याने विचारलं.

"वस्तू आली त्या स्थितीत जपावी, असा नियम आहे. कातडं तेलाशिवाय टिकत नाही. वर्षातून दोनदा." ते थोडे घुटमळले. "त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी सांगत होतात. मी म्हटलं, उद्या बोलू. मग तुम्ही बोललाच नाहीत."

"सांगत नव्हते. शिव्या देत होते."

"तसा अंदाज होता."

आत्याने चपलेच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "आज सही केली तर काय होईल?"

"नोंद मिटेल. रजिस्टरही मिटेल."

"मग ठेवा परत," आत्या म्हणाली, आणि पुडकं त्यांच्याकडे सरकवलं. "खोलीचं काय ते ठरू दे आधी."

घरी आल्यावर तिने वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी पीठ मळत होती. म्हणाली, "तेल लावत होता? एकोणीस वर्षं?" आणि तिने पिठात उगाच अजून पाणी घातलं. मग दोघींनी बसून ते पुन्हा घट्ट केलं.

कायदेमास्तरांनी फॉर्मच्या नकला वर पाठवल्या. आठवडे गेले. वरून काही कळेना. शेवटच्या दिवसापर्यंत आत्याने फरशी पुसली, आरसा पुसला, पिंप भरलं. खोली पाडायचीच असेल तर स्वच्छ पाडा, असं ती म्हणाली.

शेवटची सहा चाळीसची गाडी वेळेवर आली. फलाटावर गर्दी होती. इंजिनाला कुणीतरी फुलं बांधली होती. भाऊ निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्या दिवशी त्याला खटका ओढायला दिला होता. तो खटक्याला हात लावूनच उभा होता, सोडेना. गार्डाच्या डब्यातून कायदेमास्तर उतरले. काखेत रजिस्टर, हातात पुडकं. ते गर्दीतून सरळ वेटिंगरूमच्या दाराशी आले.

"नियमाप्रमाणे मालकाने कचेरीत यायचं असतं," ते म्हणाले. "पण कचेरीने मालकाकडे जाऊ नये, असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं."

मग त्यांनी खिशातून पत्र काढलं. ते भाचीने वाचलं. वापराची नोंद आढळली आहे. सदर खोली बसच्या महिला प्रवाशांसाठी चालू ठेवावी. चावी वापर करणाऱ्या बायकांनी आपापसात नेमलेल्या बाईकडे राहावी.

बायकांनी एकच गलका केला. गिरणीतली बाई, जिने एकोणीस वर्षांपूर्वी खिडकीशी जाऊन टोमणा मारला होता, तिने कायदेमास्तरांचा हात धरून त्यांना चक्क प्रवाशांच्या बाकावर बसवलं. "बसा हो. बायकांची खोली आहे, पण आजच्या दिवस तुम्हाला माफ."

आत्याने त्यांना चहा दिला. तिला बरंच बोलायचं होतं. पण आभार मानायची सवय नसलेल्या माणसाची जीभ अशा वेळी नेमकी जड होते. त्या बुधवारी कापसाच्या बोळ्याने झाली होती तशीच. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या पुस्तकाला माझा नमस्कार सांगा."

"सांगतो," ते म्हणाले. "इथे सही करा."

तिने सही केली. एक्केचाळिसाव्या नोंदीपुढे, सावकाश, पूर्ण नाव. कायदेमास्तरांनी शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, रजिस्टर मिटलं आणि गार्डाने हाक मारली तसे उठले. रिकामी गाडी त्यांना एकट्याला घेऊन परत गेली.

बायकांनी जोड बदलले. कुणी आत्याच्या गळ्यात पडलं, कुणी नुसतीच पाठीवर थाप देऊन गेली. खण एकेक रिकामे झाले. आत्याने शेवटच्या ओळीतला साबण काढून खिडकीत ठेवला, तिथे आपला जुना जोड ठेवला, आणि कमरेची चावी काढून भाचीच्या हातावर ठेवली. तशीच पितळेची, फक्त धरायच्या जागी झिजून पातळ झालेली.

भाचीने दिवा मालवायला हात वर केला आणि मांडणीकडे बघून थांबली.

"आत्या, एक जोड उरलाय. कुलूप कसं लावू?"

आत्या बाकाजवळ गेली आणि त्यावर बसली. कडेला टेकली नाही, पाठ टेकवून नीट बसली. तिने पायातला चांगला जोड काढला. "आण इकडे," ती म्हणाली. भाचीने नवऱ्याने घेऊन दिलेल्या त्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या. आत्याने पाय घातले. डावी जरा घट्ट झाली होती, की पायच भरला होता. ती उठली, दोन पावलं टाकून पाहिली, आणि चांगला जोड उचलून रिकाम्या झालेल्या खणात ठेवला.

"हा राहू दे. उद्या सकाळी बसच्या वेळेला येतेय मी. काही काम नसताना पहिल्यांदाच कुठेतरी जाऊन यावं म्हणते."

"आणि कुलूप?"

"लाव. मी कुठे आहे ते ठाऊक आहे ना तुला?"

बाहेर भाऊ खटक्यापाशी अजून उभाच होता, आणि वहिनी त्याला घरी चला म्हणून ओरडत होती. आत्या त्यांच्याकडे निघाली, चिखल चुकवायचा अजिबात प्रयत्न न करता.